डाव्या गालाचा फोटो

१२ मार्च २०१५

प्रिय मामा,

नमस्कार. फोनच केला असता, पण बर्नरच्या घरघरीनं तुझे कान गेलेत आणि मी काहीही विचारलं तरी तू 'हो हो, जेवलो' म्हणतोस. म्हणून पत्र.

परवा तू कॉलेजच्या प्रयोगशाळेत फ्लास्कची खोकी पोचवायला आलास आणि मी तुला धरून आमच्या सोनोग्राफीच्या खोलीत नेलं. रागावला नाहीस ना? आम्हा शिकाऊ डॉक्टरांना सरावाला पोटं मिळतात हवी तेवढी, पण गाल आणि मान कोणी देत नाही. तू आयता सापडलास. गालावर ते गार जेल लावल्यावर तू जे तोंड केलंस ते आठवून आम्ही मैत्रिणी अजून हसतोय.

सोबत त्याच तपासणीचा फोटो पाठवते आहे. मशीनमधून निघतो तो चकचकीत कागद आहे, जपून ठेव. मी स्वतः काढलेला पहिला गाल! डावीकडे कानाखाली जो लहानसा काळा गोल दिसतोय ना, तीच तुझी सूज. सरांनी विचारलं, हे काय करतात? मी म्हटलं, काच फुंकतात, प्रयोगशाळेची भांडी बनवतात. सर एकदम खूश. म्हणाले, नळीत जोरानं फुंकणाऱ्यांच्या तोंडातली हवा कधीकधी लाळेच्या वाटेनं उलटी जाते आणि कानाखालच्या लाळग्रंथीत शिरते, तिथे सूज येते आणि दाबली की बसते. पुस्तकात वाचलं होतं, आज प्रत्यक्ष पाहिलं. विचार त्यांना, दाबल्यावर बसते का? मी विचारलं आणि तू ऐटीत म्हणालास, "बसते की!" झालं, सर पुढच्या पेशंटकडे वळले.

फोटोच्या मागे पेन्सिलीनं काहीबाही खरडलंय. ते आमचं गिचमिड, तिकडे बघू नकोस.

मामीला नमस्कार सांग.

तुझी,
चिमटी

२० मार्च २०१५

चि. चिमटीस,

अनेक आशीर्वाद. फोटो पोचला. डॉक्टर झालीस तरी सही 'चिमटी' केलीस, बरं वाटलं. सुट्टीत कारखान्यात येऊन माझे चिमटे पळवायचीस, त्याचा दंड म्हणून ते नाव आहे, विसरू नकोस.

तुझे सर हुशार दिसतात. आमच्या उस्तादांचे दोन्ही गाल असे होते की ते हसले तरी भांडायला आल्यासारखे दिसायचे. आमच्या धंद्यात सुजलेला गाल म्हणजे पदक. मला एकाच बाजूचं मिळालंय, दुसरं निवृत्तीला मिळेल.

फोटो काचेच्या दोन तुकड्यांमध्ये घालून चारी कडा मी स्वतः वितळवून बंद केल्या आणि बाकासमोरच्या भिंतीवर लावला. मामी म्हणाली, नवऱ्याचा फोटो लावायचा तर चेहरा दिसेल असा तरी लावा. तिला काय कळतंय! हा भाचीच्या हातचा पहिला गाल आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतो.

अभ्यास कर. जागरणं करू नकोस.

तुझा,
मामा

४ फेब्रुवारी २०२२

चि. चिमटी,

मी मामी. माझं पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. म्हणजे मी आहे. ह्यांचं मला खरं वाटत नाही.

ह्यांनी दाढी वाढवलीय. कामाला बसल्यावर एक केस जळला तरी शिव्या देणारा माणूस, त्यानं दाढी वाढवली. मी चार दिवस काही बोलले नाही, पाचव्या दिवशी कानाखाली बघितलं. ती सूज आता चांगली मोठ्या गोटीएवढी झालीय. चष्म्याची दांडी नीट बसत नाही, म्हणून दोरा बांधलाय. विचारलं तर म्हणतात, हवा आहे. हवा आहे तर जात का नाही? तर म्हणतात, सध्या काम जास्त आहे.

परवा दुपारी आरामखुर्चीत डोळा लागला होता. मी हळूच बोटानं दाबून बघितली. बाई गं, रबरासारखी घट्ट. बोटाखाली सरकली, पण कमी काही झाली नाही. तेवढ्यात जागे झाले. काय करतेस म्हणाले. मी म्हटलं, माशी बसली होती.

तू आता मोठी डॉक्टर आहेस, दिवसभर असल्याच गाठी बघतेस. काय ते तूच बघ. फक्त मी कळवलं असं सांगू नकोस, नाहीतर वर्षभर माझ्याशी बोलणं टाकतील. म्हणजे तेवढी शांतताच, पण नको.

मामी

९ फेब्रुवारी २०२२

प्रिय मामा,

नमस्कार. सहज लिहिते आहे. बऱ्याच दिवसांत तू इकडे आला नाहीस. आमच्या इस्पितळात नवीन मशीन आलंय, तुला दाखवायचं आहे. दोन दिवस ये, मामीलाही आण.

आलास की सगळी तपासणीही करून टाकू, वय झालं की करावीच. डोळे, रक्तदाब, आणि तो गालसुद्धा. तो कसा आहे? दुखतो का? तोंडाची एक बाजू जड वाटते का? जेवताना घास गालात अडकतो, डोळा पूर्ण मिटत नाही, असं काही? सहज विचारते.

आणि हो, माझा तो पहिला फोटो आहे ना भिंतीवर, तो पाठवतोस का? एका कामासाठी हवा आहे. परत देईन.

तुझी,
चिमटी

१६ फेब्रुवारी २०२२

चि. चिमटीस,

आशीर्वाद. एका पत्रात दोनदा 'सहज' लिहिलंस की सहज काही उरत नाही. घरभेदी कोण ते मला कळलं. माशी म्हणे! फेब्रुवारीत आमच्याकडे माश्या नसतात.

दुखत नाही. डोळा मिटतो, घास अडकत नाही, तोंड वाकडं होत नाही, मामीला उलट उत्तरं देता येतात. हवा आहे, दाबली की बसते. मी येणार नाही.

तू लहान होतीस, तुला आठवत असेल, माझ्या शेजारच्या बाकावर एक जोडीदार बसायचा. तुला काचेचे हत्ती करून द्यायचा तो. त्यालाही कानाखाली गाठ होती. काढली. गाठ साधी निघाली, सगळ्यांना हायसं वाटलं. पण तोंडाचा एक कोपरा खाली आला तो आलाच. ओठ मिटेनात. नळी तोंडात धरली की एका बाजूनं हवा निसटायची, शिट्टीसारखी. तीन महिने रोज सकाळी येऊन बसायचा, फुंकायचा, शिट्टी वाजायची. आम्ही सगळे खाली माना घालून काम करायचो. पुढे तो दाराशी पाट टाकून फुटक्या काचा निवडत बसायला लागला. पांढऱ्या वेगळ्या, हिरव्या वेगळ्या. चहा पिताना टॉवेल धरायचा हनुवटीखाली. माझ्याएवढ्याच वयाचा माणूस.

मला भीती वाटते, चिमटी. मामीला हे सांगितलेलं नाही, तुला सांगतो. मरणाची नाही म्हणत, त्या पाटाची. चाळीस वर्षं मी दुसरं काही केलेलं नाही. हात दाखवून अवलक्षण कशाला करून घेऊ? झाकली मूठ सव्वा लाखाची.

फोटो निघत नाही. कडा वितळवून बंद केल्यात, सांगितलं होतं.

तुझा,
मामा

२४ फेब्रुवारी २०२२

प्रिय मामा,

नमस्कार. आता 'सहज' नाही. सरळच लिहिते.

कानाखालची लाळग्रंथी म्हणजे एखाद्या उशीसारखी असते आणि चेहरा हलवणारी नस त्या उशीच्या मधून जाते, पुढे तिला पाच फांद्या फुटतात. एक भुवईला, एक डोळ्याला, एक ओठाला, अशा. म्हणून तिथली गाठ काढणं नाजूक काम. तुझ्या जोडीदाराचं जे झालं ते होऊ शकतं, मी नाही म्हणणार नाही.

पण तिथल्या बहुतेक गाठी साध्या असतात. मी रोज बघते. साध्या गाठीतली जी सगळ्यांत जास्त आढळते ती हळूहळू वाढते, दुखत नाही, गोंडस दिसते आणि माणसाला फसवते. वर्षानुवर्षं तशीच ठेवली तर तिच्यातल्या काही पुढे वाईट वळण घेतात. त्यातली तुझी कुठली, हे घरी बसून ना तुला कळणार ना मला.

म्हणून सौदा करू. फक्त फोटो. सोनोग्राफीनं वरवरचं दिसेल, जबड्याच्या हाडामागे काय दडलंय ते एमआरआयमध्ये दिसेल, आणि एक बारीक सुई घालून चार पेशी काढू. सुरी नाही. सुरीचं नंतर तू ठरव. तू नाही म्हणालास तर मी तुला स्टेशनवर सोडायला येईन आणि शब्द काढणार नाही.

मामीवर रागावू नकोस. तिनं दाबून बघितली. जे काम मी करायला हवं होतं ते तिनं केलं.

तुझी,
चिमटी

२० मार्च २०२२

चि. चिमटीस,

आशीर्वाद. सुखरूप पोचलो. मामी गाडीत सगळ्यांना सांगत होती, आमच्या भाचीनं ह्यांचं डोकं मशीनमध्ये घातलं, काही सापडलं नाही.

ते मशीन मला आवडलं, खरं सांगतो. बोगद्यात घालून बाहेरून हातोडे मारतात आणि वर म्हणतात हलू नका. पण बर्नरशी बसलेल्या माणसाला न हलणं शिकवावं लागत नाही. तुझा तंत्रज्ञ म्हणाला, आजोबा, असा पेशंट रोज मिळो. आजोबा म्हणाला तेवढं सोडलं तर पोरगा चांगला आहे. सुईचंही काही वाटलं नाही.

एक विचारायचं आहे. सोनोग्राफीच्या वेळी तू आधी बोटानं दाबलंस. बराच वेळ दाबलंस. मला काही विचारलं नाहीस आणि मीही काही बोललो नाही. मग पडद्याकडे बघत राहिलीस, आणि 'आलेच' म्हणून बाहेर गेलीस. परत आलीस तेव्हा तोंड धुतलेलं होतं. नंतर तू मला तुमच्या सर्जनबाईंकडे नेलंस, त्यांच्या खोलीतही तू भिंतीला टेकून उभी होतीस, एक अक्षर बोलली नाहीस. तू गप्प बसतेस तेव्हा काहीतरी फुटलेलं असतं, हे मला तू सहा वर्षांची असल्यापासून माहीत आहे.

काय फुटलंय? वाईट निघालं असेल तर मामीला न कळवता मला कळव.

तुझा,
मामा

२८ मार्च २०२२

प्रिय मामा,

वाईट निघालेलं नाही. आधी हे वाच, मग पुढचं वाच.

एमआरआयमध्ये गाठ पाण्यासारखी उजळ दिसते, कडेनं बारीक काळी किनार, आकार दोन-तीन फुगे एकमेकांत मिसळल्यासारखा. साध्या गाठीचं हेच रूप असतं. चोवीस मिलिमीटर आहे आणि तिचा थोडा भाग नसेच्या रेषेच्या आत जातो. सुईत आलेल्या पेशीही सौम्य दिसतात, पण पुरेशा नाहीत, खात्रीनं सांगता येत नाही असं पेशी तपासणाऱ्यांनी लिहिलंय. आणखी एकदा सुई घातली तरी बहुधा तेच येईल.

म्हणून सर्जनबाई एका गोष्टीवर अडल्यात. ही गाठ किती वेगानं वाढली? त्यांनी तुला विचारलं, कधीपासून आहे? तू म्हणालास, "झाले असतील तीन महिने." तीन महिन्यांत चोवीस मिलिमीटर ही साध्या गाठीची चाल नाही. तसं असेल तर त्यांना आजूबाजूचा भाग जास्त काढावा लागेल आणि नस त्या आजूबाजूच्या भागातच आहे.

आणि मी भिंतीला टेकून उभी होते, मामा. मला माहीत होतं की तीन महिने नाहीत. सात वर्षं आहेत. मी खाली बघितलं.

आता ते सांगते. पडद्यावर हवा पांढरी चमकते आणि तिच्यामागे धुरकट सावली पडते. तुझ्या गालातला गोल काळा होता, कडा साफ होत्या. ती हवा नव्हती, हे मला तेव्हाच दिसलं होतं. शिकाऊ होते, पण एवढं दिसत होतं. मी फोटोच्या मागे माप लिहिलं, अकरा बाय नऊ, कडा साफ, आणि पुढे 'हवा' लिहून प्रश्नचिन्ह काढलं. सरांनी धंदा विचारला, तू बसते म्हणालास, आणि सगळ्यांना उत्तर आवडलं. मलासुद्धा. तुझा गाल माझ्या हाताखाली होता. एक बोट दाबायचं होतं फक्त. मी तोंडानं विचारलं आणि बोटानं बघितलं नाही. मग सात वर्षं मी दुसऱ्यांच्या गाठी शोधत बसले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा.

आज मी सर्जनबाईंना जाऊन सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, तुझ्या शब्दावर मी माझी सुरी कशी ठरवू? काही कागद आहे का? सरावाच्या तपासणीची नोंद कुठेच नसते. असेल तर फक्त तुझ्या भिंतीवर.

कडा वितळवल्या असशील तर फोड. तुला माझा राग आला असेल तर फोटो पाठवून मग राग धर. पण पाठव.

चिमटी

५ एप्रिल २०२२

चि. चिमटीस,

फोटो सोबत आहे. काच तापवून गार सळी टेकवली, कडेला तडा गेला, कागदाला ओरखडाही नाही.

पण बघशील तर हताश होशील. तो चकचकीत कागद बर्नरच्या धगीनं केव्हाच गेला. दुसऱ्या वर्षी तपकिरी झाला, चौथ्या वर्षी पार काळा. गाल नाही, गोल नाही, नुसता काळा चौकोन. लोक विचारायचे, हे काय लावलंय? मी म्हणायचो, माझा फोटो. तुला सांगायची लाज वाटली, म्हणून 'निघत नाही' लिहिलं.

मागची बाजू मात्र बघ. पेन्सिलीला धग लागत नाही. तुझा आकडा, तुझी तारीख, तुझं प्रश्नचिन्ह, सगळं जसंच्या तसं आहे.

मी ते पहिल्याच दिवशी वाचलं होतं. 'तिकडे बघू नकोस' असं लिहिलंस तर माणूस आधी तिकडेच बघणार. दोन्ही बाजूंनी काच होती, कुठलीही बाजू पुढे लावता आली असती. मी प्रश्नचिन्ह भिंतीकडे केलं.

कारण मला ठाऊक होतं, बाळ. हवेची सूज दोनदा आली होती मला, तरुणपणी. ती दाबली की कानात करकर वाजते आणि तोंडात लाळेचा फेस येतो. ही कधी वाजली नाही. तू विचारलंस, दाबल्यावर बसते का, तेव्हा जोडीदाराचं ऑपरेशन होऊन चारच महिने झाले होते. माझ्या डोळ्यांपुढे तो पाट आला आणि मी म्हणालो, बसते की. तू बोट लावलं असतंस तरी मी हात धरला असता.

आणि तीन महिने का म्हणालो ते ऐक. सात वर्षं म्हटलं असतं तर त्या बाईंनी विचारलं असतं, घरात याच कामाची डॉक्टर असून? आणि तू समोर उभी होतीस. मला काय माहीत की त्या तीन महिन्यांत माझी नस अडकलीय! तू स्वतःला झाकत होतीस, मी तुला झाकत होतो, आणि मधल्यामध्ये माझं तोंड जायचं होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

तेव्हा रडणं पुरे. चूक तुझी अर्धी, माझी अर्धी. मी मोठा, म्हणून माझा अर्धा मोठा.

फोटो बाईंना दाखव. त्या म्हणतील त्या दिवशी येतो.

तुझा,
मामा

१२ एप्रिल २०२२

प्रिय मामा,

सर्जनबाईंनी काळा चौकोन बघितला, उलटा केला, आणि खिडकीशी नेऊन दोनदा वाचला. म्हणाल्या, सात वर्षांत अकराचे चोवीस. ही साध्या गाठीची चाल आहे. नस शोधायची, तिच्यावरून गाठ आवरणासकट सोडवायची, आवरण फुटू द्यायचं नाही, कारण फुटलं तर पुढे तिथेच बारीक बारीक गाठी येतात. नस तोडायची नाही. असं त्यांनी माझ्यासमोर लिहिलं. मग मला म्हणाल्या, प्रश्नचिन्ह काढून गप्प बसायचं नसतं, पण काढलंस हे बरं झालं.

सव्वीस तारीख ठरली आहे. तू विचारशील म्हणून आधीच सांगते. नस शाबूत राहिली तरी ती हाताळली जाते, मग रुसते. ओठाचा कोपरा काही आठवडे, काही महिने ढिला राहू शकतो. बहुतेकांचा परत येतो. थोड्यांचा येत नाही. तू त्या थोड्यांत नसशील असं मी लिहू शकत नाही. आपण दोघांनी एकमेकांना खोटं सांगणं आता बंद.

मी बाहेरच्या बाकावर असेन. आत जायची परवानगी आहे, पण तुझा गाल उघडलेला मला बघवणार नाही.

तुझी,
चिमटी

२ जून २०२२

चि. चिमटी,

मामीचा आशीर्वाद. ऑपरेशननंतरच्या तपासणीचा तू पाठवलेला कागद तीनदा वाचला. गाठ साधीच निघाली, आवरण अखंड. शेजारणीलाही वाचून दाखवला. तिला काही कळलं नाही, पण ती रडली.

पण इकडे बरं नाही. डोळा मिटतो, भुवई वर जाते, तू म्हणालीस तसं सगळं. फक्त डाव्या ओठाचा कोपरा खाली आलाय. पाणी पिताना सांडतं. काल चहा पिताना ह्यांनी टॉवेल मागितला आणि मागून झाल्यावर तो हातात धरून नुसते बघत राहिले. मला काही कळलं नाही. हसायला गेले की तोंड एकाच बाजूला जातं, म्हणून हसत नाहीत. माझ्याशी भांडतही नाहीत, गं. पस्तीस वर्षांत असं झालेलं नाही.

कारखान्यात जातात. एकदाच बाकावर बसले. नळी तोंडात धरली, फुंकली, शिट्टी वाजली. नळी खाली ठेवली आणि दाराशी जाऊन बसले. गेले आठ दिवस तिथेच बसतात. समोर फुटक्या काचांचा ढीग आहे. पांढऱ्या वेगळ्या करतात, हिरव्या वेगळ्या.

दुखणं हत्तीच्या पायानं येतं आणि मुंगीच्या पायानं जातं, हे मी त्यांना रोज सांगते. ते म्हणतात, मुंगी वाट चुकली असेल.

तुझं रोजचं पत्र ते उघडत नाहीत. मी वाचून दाखवते. त्यात तू लिहिलंस ना, की आता कोणीही पेशंट 'दाबल्यावर जाते' म्हणाला तरी तू स्वतः दाबून बघितल्याशिवाय पुढे जात नाहीस, तेव्हा त्यांनी मान वर केली होती. एवढंच.

मला एक सुचलंय. मी करून बघते. जमलं नाही तर तुला कळवणार नाही.

मामी

११ ऑगस्ट २०२२

चि. चिमटीस,

आशीर्वाद. दोन महिने उत्तर दिलं नाही, कान धर माझा. दाढी काढली, तेव्हा धरायला सोपं जाईल.

तुझ्या मामीचं डोकं ठिकाणावर नाही. जूनमध्ये एका सकाळी मी दाराशी काचा निवडत होतो, तर आत बर्नरचा आवाज. धावत गेलो. ही बाई माझ्या स्टुलावर बसलेली, डोळ्यांवर माझा चष्मा, दोऱ्यासकट. आम्ही मोठं भांडं करताना नळीला लांब रबरी नळी जोडतो, म्हणजे भांडं हातात फिरवता येतं आणि फुंकायचं लांबून. त्या रबराचं टोक तिनं तोंडात धरलेलं. म्हणाली, तुम्ही फिरवा, मी फुंकते. हात तर तुमचे शाबूत आहेत ना?

मी म्हटलं, हे असं होत नसतं. ती म्हणाली, तोंडातून रबर काढायला लावू नका, गॅस जळतोय.

बसलो. काच तापवली, फिरवायला लागलो, म्हटलं, फुंक. चिमटी, तिनं पस्तीस वर्षांचं सगळं एका दमात फुंकलं. फ्लास्कचा भोपळा झाला आणि फुटला. मी ओरडलो. ती ओरडली. शेजारचे गोळा झाले. संध्याकाळपर्यंत आम्ही सात भांडी फोडली आणि आठवं उभं राहिलं, तेही एका बाजूला कललेलं. आता मी 'बस' म्हणालो की ती थांबते. घरात हे कधी ऐकलं नव्हतं मी. प्रयोगशाळेचं निम्मं काम तसंच गेलं. कोणाला कळलं नाही त्यात कोणाचा श्वास आहे.

आता माझं. खोटं नाही सांगायचं ठरलंय. ओठ थोडा आलाय, पूर्ण नाही. सर्जनबाईंनी सांगितलेले व्यायाम आरशासमोर करतो, वेड्यासारखा दिसतो. मागच्या आठवड्यापासून चहाला टॉवेल लागत नाही. बारीक नळी एकट्यानं फुंकता येते, मोठ्या भांड्याला अजून शिट्टी वाजते. ती जाईल की राहील, मला ठाऊक नाही आणि तुलाही नाही. कधी कधी सकाळी फार भीती वाटते. मग मामी चष्मा शोधायला लागते आणि मला उठावं लागतं.

दाराशी पाट अजून आहे. जोडीदाराला निरोप धाडला. तो आला, बसला, आमचा तमाशा बघून हसला. एकीकडेच तोंड गेलं त्याचं, माझंही. आम्ही एकमेकांकडे बघून पुन्हा हसलो. पुढच्या सोमवारपासून त्याची बायको येते रबर धरायला.

भिंत रिकामी दिसते. नवीन मशीनमधला माझ्या गालाचा फोटो पाठव, आताचा, गाठ नसलेला. मागे पेन्सिलीनं काय वाटेल ते लिही, खरं असेल ते. दोन काचांत घालून या वेळी खिडकीत लावतो, भिंतीवर नको. खिडकीत धग पोचत नाही आणि दोन्ही बाजू दिसतात.

तुझा,
मामा